गच्चीवर घडलेले विमान
छंद, हिशेब आणि मर्यादा

व्यापारी घरातील मुलाने वेळेवर दुकानाच्या गादीवर बसावे, वही वाचायला शिकावे, माल ओळखावा आणि पुढे घराण्याचे नाव चालवावे, ही आपल्याकडील जुनी अपेक्षा. ती चुकीची नाही. तथापि प्रत्येक पिढीत एखादा मुलगा असा निघतो की, त्याचे लक्ष गल्ल्यापेक्षा तांदळाच्या गिरणीतील पट्ट्याकडे, मोटारीच्या इंजिनाकडे किंवा डोक्यावरून जाणाऱ्या विमानाकडे अधिक असते. अशा मुलाचे काय करावे, हा प्रश्न भंडारा, तुमसर, पवनी, साकोली येथील कितीतरी घरांत जेवणाच्या पाटावर निघालेला आहे. या लेखाचा विषय वरवर पाहता घरी विमान तयार करण्याचा आहे. परंतु त्याच्या पोटात हाच प्रश्न आहे.

घरी विमान तयार करता येते काय? याचे उत्तर होकारार्थी आहे. जगात अशी हजारो विमाने उडत आहेत. आपल्या महाराष्ट्रातही एका मराठी वैमानिकाने मुंबईतील इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभे केले, भारत सरकारच्या नोंदवहीत त्याची नोंद करवून घेतली आणि ते उडवूनही दाखविले. त्या कथेकडे वळण्यापूर्वी हा उद्योग नेमका कसा असतो, ते पाहू.

पेटाऱ्यातून येणारे विमान

परदेशात, विशेषतः अमेरिकेत, विमानाचे ‘किट’ विकत मिळते. किट म्हणजे कापून, भोके पाडून तयार ठेवलेले सुटे भाग आणि ते जोडण्याचे तपशीलवार आराखडे. मोठ्या लाकडी पेटाऱ्यांतून ते घरी येते. बहुधा प्रथम शेपटीचा भाग घेतला जातो, कारण तो लहान असतो आणि त्यावर हात बसतो. नंतर पंख, मग धड, आणि शेवटी इंजिन, पंखा व उपकरणे. असे टप्प्याटप्प्याने घेतल्याने पैसाही एकदम अडकत नाही.

अमेरिकेतील ‘व्हॅन्स एअरक्राफ्ट’ ही या क्षेत्रातील सर्वांत मोठी कंपनी. रिचर्ड व्हॅनग्रुन्सव्हेन यांनी ती १९७३ मध्ये सुरू केली. तिच्या किटांपासून घराघरांत तयार होऊन उडालेल्या विमानांची संख्या ११ हजारांच्या पुढे गेली आहे. हौशी निर्मात्यांची ‘एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ ही संस्था १९५३ मध्ये स्थापन झाली. ऑशकॉश या गावी दरवर्षी तिचा मेळा भरतो आणि तेथे घरी बनविलेली विमाने शेकड्यांनी उतरतात.

अमेरिकेच्या कायद्यात यासाठी एक सुंदर अट आहे. विमानाचे निम्म्याहून अधिक काम हौशी निर्मात्याने स्वतः केलेले असले पाहिजे, आणि ते शिक्षणासाठी किंवा विरंगुळ्यासाठी केलेले असले पाहिजे. अशा विमानातून भाडे घेऊन प्रवासी नेता येत नाहीत. विमान प्रायोगिक आहे, असे आत बसणाऱ्याला वाचता येईल अशा रीतीने त्यावर लिहावे लागते. पहिले २५ ते ४० तास ते ठरवून दिलेल्या क्षेत्रातच चाचणीसाठी उडवायचे असते. म्हणजे सवलत आहे. पण ती डोळे उघडे ठेवून दिलेली सवलत आहे.

काम मात्र चिकाटीचे. धातूचे विमान बहुतांशी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या पत्र्याचे असते आणि पुष्कळ ठिकाणी हा पत्रा एक मिलिमीटरहूनही पातळ असतो. पत्र्याला भोक पाडले की त्याच्या कडेला बारीक धार उभी राहते. ती प्रत्येक भोकाची धार हाताने घासून काढावी लागते, कारण तशीच राहिली तर कालांतराने तेथूनच पत्रा तडकू लागतो. मग पत्रे तात्पुरत्या चापांनी जुळवायचे, पुन्हा सुटे करायचे, गंज न लागण्यासाठी रंगाचा थर द्यायचा आणि शेवटी रिव्हेट ठोकायचे. एका विमानात असे हजारो रिव्हेट असतात. त्यांतील पुष्कळसे ठोकताना दोन माणसे लागतात. एक बाहेरून यंत्र धरतो, दुसरा आतून पोलादी ठोकळा लावून धरतो. त्यामुळे पती-पत्नीने, वडील-मुलीने किंवा दोन भावांनी मिळून बांधलेली विमाने पुष्कळ आढळतात. रोज संध्याकाळी दोन-तीन तास काम केले तरी दीड-दोन हजार तासांचा हा उद्योग अनेक वर्षे चालतो.

भंडारा हे पितळी भांड्यांचे गाव म्हणून ओळखले जाते. पत्र्याला घाव कोठे आणि किती द्यावा, हे ज्ञान आपल्या गावातील कारागिरांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्यांना हे वर्णन परके वाटणार नाही. फरक एवढाच की, घागरीचा सांधा सुटला तर पाणी गळते; विमानाचा सांधा सुटला तर माणूस जातो.

व्यापारी वाचकांना आवडेल अशी एक गोष्ट येथे सांगतो. विमान पूर्ण झाल्यावर पहिले काम उडविण्याचे नसते, तोलण्याचे असते. तिन्ही चाकांखाली तीन वजनकाटे ठेवून प्रत्येकावरील भार लिहून घेतात आणि त्यावरून विमानाचा गुरुत्वमध्य कोठे पडतो, याचे गणित मांडतात. हा मध्य ठरलेल्या मर्यादेच्या पुढे गेला तर विमान नाकाकडे जड होते. मागे गेला तर त्याहून वाईट, कारण शेपटीकडे जड झालेले विमान हवेत सावरणे कठीण जाते. एकूण वजन बरोबर असूनही ते चुकीच्या जागी असेल तर विमान धोक्याचे ठरते. ताळेबंद वाचणाऱ्याला हे सहज कळावे. पेढीची एकूण मालमत्ता भरपूर असते. पण ती सारी गोदामात आणि उधारीत अडकलेली असते, तेव्हा पेढीही अशीच शेपटीकडे जड झालेली असते.

कांदिवलीची गच्ची

आता आपल्या माणसाकडे येऊ. कॅप्टन अमोल यादव हे मूळचे सातारा जिल्ह्यातील कुटुंबातले. वैमानिकाचे शिक्षण त्यांनी अमेरिकेत घेतले. तेथे सामान्य माणसे स्वतःची छोटी विमाने बाळगतात आणि स्वतः बांधतातही, हे त्यांनी पाहिले. परत आल्यावर १९९८ च्या सुमारास त्यांनी स्वतः विमान तयार करण्याचा पहिला प्रयत्न केला. तो यशस्वी झाला नाही. दुसरे विमान त्यानंतरच्या काही वर्षांत तयार झाले, पण त्याला उडण्याची परवानगी मिळाली नाही. तिसऱ्याचे काम त्यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागातील आपल्या राहत्या इमारतीच्या गच्चीवर सुरू केले. त्या वेळी ते जेट एअरवेजमध्ये वैमानिक होते. म्हणजे नोकरीत दुसऱ्यांची विमाने उडवायची आणि घरी येऊन स्वतःचे विमान घडवायचे.

येथे एक भेद लक्षात घेतला पाहिजे. यादवांचे विमान पेटाऱ्यातून आलेले किट नव्हते. किटमध्ये आराखडा पूर्वी सिद्ध झालेला असतो, शेकडो लोकांनी त्यावर उड्डाण केलेले असते आणि चुका आधीच्यांनी भोगून झालेल्या असतात. यादवांनी रचनाही स्वतःची केली. त्यांचा धोका अधिक होता आणि त्यांच्या कामाचे मोलही अधिक आहे. मोठ्या एकत्र कुटुंबाने त्यांना साथ दिली आणि घरची पुंजी या कामात घातली. पाच मजली इमारतीच्या गच्चीवर पाऊस, ऊन, जागेची अडचण आणि शेजाऱ्यांचे कुतूहल यांच्यामध्ये हे काम वर्षानुवर्षे चालले.

फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात ‘मेक इन इंडिया’ सप्ताह भरला. त्यासाठी गच्चीवरचे विमान सुटे करून क्रेनने खाली उतरविण्यात आले आणि प्रदर्शनात पुन्हा जोडून ठेवण्यात आले. तोपर्यंत फार थोड्यांना ठाऊक असलेली ही गोष्ट देशभर पसरली. तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्यात लक्ष घातले. नोव्हेंबर २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने विमानाची नोंदणी केली. नोंदणीचे अक्षरचिन्ह व्हीटी-एनएमडी. त्यातील अक्षरे पंतप्रधान आणि मुख्यमंत्री यांच्या नावांवरून घेतली असल्याचे यादवांनी सांगितले.

फेब्रुवारी २०१८ मध्ये ‘मॅग्नेटिक महाराष्ट्र’ परिषदेत त्यांच्या कंपनीशी राज्य शासनाने सामंजस्य करार केला. पालघर जिल्ह्यात कारखान्यासाठी सुमारे १५७ एकर जमीन आणि ३५ हजार कोटी रुपये असे आकडे त्या वेळी वृत्तपत्रांत झळकले. बँकेत ज्यांनी आयुष्य काढले, त्यांना अशा आकड्यांकडे कसे पाहावे हे ठाऊक असते. सामंजस्य करार हा मंजूर कर्जाचा धनादेश नसतो. दोन पक्षांनी मनात आणलेली इच्छा कागदावर मांडलेली असते, एवढेच. त्यातून कारखाना उभा राहण्यास जमीन, भांडवल, प्रमाणपत्रे आणि ग्राहक अशा चार स्वतंत्र गोष्टी जुळाव्या लागतात. वर्तमानपत्रातील आकडा आणि खात्यातील जमा यांमध्ये मोठे अंतर असते. हे ज्याला कळत नाही त्याने कोणताही नवा उद्योग करू नये.

एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेजची उड्डाणे थांबली आणि तेथील हजारो कर्मचाऱ्यांचे पगार गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये यादवांच्या विमानाला उड्डाण-परवानगी मिळाली. पुढे २०२० मध्ये, सारा देश महामारीने घरात बसलेला असताना, धुळ्याच्या धावपट्टीवरून हे विमान हवेत झेपावले. पहिल्या प्रयत्नापासून मोजल्यास २२ वर्षे झाली होती.

या २२ वर्षांतील किती वर्षे हातोडीची आणि किती कागदाची, याचा विचार केला म्हणजे मन थोडे खिन्न होते. घरात धातूला आकार देण्यास कोणी अडवीत नाही. त्या आकाराने जमीन सोडायची म्हटले की मात्र नोंदणी, तपासणी आणि परवानगी आवश्यक ठरते. हे योग्यच आहे. खाली शाळा असतात, बाजार असतो, झोपलेली माणसे असतात. पण आपल्याकडील नियम मोठ्या कारखान्यांना डोळ्यांसमोर ठेवून घडले. एकट्या माणसाने स्वतःसाठी बांधलेल्या विमानाची जागा त्या चौकटीत स्पष्ट नव्हती. अमेरिकेत हौशी निर्मात्याला पहिल्या दिवशीच माहीत असते की, कोणती नोंदवही ठेवायची, कोणत्या टप्प्याची छायाचित्रे काढायची आणि शेवटी कोणाला बोलवायचे. आपल्याकडे यादवांना ती वाट चालत चालतच शोधावी लागली.

व्हाउचर नसलेली नोंद

विमानाचा विषय निघाला की आपल्याकडे शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव हमखास येते. त्यांनी १८९५ मध्ये, म्हणजे राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी, मुंबईच्या चौपाटीवर विमान उडविले असे सांगितले जाते. तळपदे नावाचे जिज्ञासू गृहस्थ होते, हे खरे. पण त्या उड्डाणाचा विश्वसनीय समकालीन पुरावा उपलब्ध नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्र’ ग्रंथाचा त्या संदर्भात उल्लेख होतो, त्याची तपासणी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्ये केली. त्यातील विमाने उडू शकणार नाहीत आणि ग्रंथही प्राचीन नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. ज्या नोंदीमागे व्हाउचर नाही ती वहीत घेऊ नये, हा नियम देशाभिमानाच्या वहीलाही लागू आहे. धुळ्याचे उड्डाण लहान असेल, पण त्याचे व्हाउचर आहे.

कल्पनेचे आकाश वेगळे आणि तेही सुंदर आहे. आपल्या परंपरेत विमलसूरींच्या ‘पउमचरिय’ या माहाराष्ट्री प्राकृतातील ग्रंथात विद्याधरांच्या आकाशगमनाची वर्णने आहेत. तेथे रावण हा राक्षस नसून विद्याधर वंशातला आहे. ज्या भाषेशी मराठीचे इतके जवळचे नाते सांगितले जाते, त्या भाषेत ही कथा आहे, याचा आनंद वाटतो. त्यातील एक गोष्ट मननीय आहे. विद्याधराला विद्या फुकट मिळत नाही, ती साधनेने सिद्ध करावी लागते. त्या कथेला यंत्रशास्त्राचा ग्रंथ समजण्याची गरज नाही. तिने सांगितलेली साधना घेतली तरी पुरे.

सोलापूरच्या पेढीवरून बंगळूरला

घराण्याच्या धंद्यात मन न रमलेल्या मुलाचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच समाजातले आहे. शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे दिगंबर जैन कुटुंबात झाला. घरी कापसाचा आणि सावकारीचा व्यवसाय. त्यात त्यांचे मन रमेना. रेल्वेत कारकून राहिलेल्या लक्ष्मणराव फाटक यांच्याबरोबर त्यांनी भागीदारी केली आणि रेल्वेची बांधकामे घेण्यास प्रारंभ केला. सावकारी पेढीच्या मुलाने एका माजी कारकुनाबरोबर माती-खडीची ठेकेदारी करणे, हे त्या काळी कित्येकांना रुचले नसेल.

पुढे १९३९ मध्ये अमेरिकेस जात असताना विमानप्रवासात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन गृहस्थांशी गाठ पडली. पॉली हे चीनमध्ये विमाननिर्मितीचे काम करीत होते. वालचंदशेठ मोटारीच्या कारखान्याचा विचार घेऊन निघाले होते. परतताना डोक्यात विमानाचा कारखाना होता. म्हैसूर संस्थानाने हात दिला आणि २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूर येथे ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ कंपनीची स्थापना झाली. तेथून बाहेर पडलेले पहिले विमान होते हार्लो जातीचे प्रशिक्षण विमान. अमेरिकेहून आणलेल्या सुट्या भागांतून ते १९४१ मध्ये जोडण्यात आले. म्हणजे भारताच्या विमान उद्योगाचा श्रीगणेशाही एका अर्थाने पेटाऱ्यातून आलेल्या विमानानेच झाला!

१९४२ मध्ये युद्धाच्या गरजेपोटी भारत सरकारने या कारखान्याचे व्यवस्थापन आपल्याकडे घेतले. आज जी कंपनी ‘एचएएल’ या नावाने सर्वांना ठाऊक आहे, तिचे मूळ हे. कारखाना हातातून गेला म्हणून वालचंदशेठ थांबले नाहीत. जहाजे, मोटारी, साखर असे त्यांचे उद्योग चालूच राहिले. ते धाडसी होते, पण त्यांनी सारी नाणी एका पेटीत कधी ठेवली नाहीत, ही गोष्ट आपण विसरू नये.

आगाऊ रकमेचा धडा

छंदाच्या जगातही हिशेब चुकला की काय होते, याचे उदाहरण वर उल्लेखिलेल्या व्हॅन्स कंपनीनेच दिले. महामारीच्या काळात लोक घरी बसले आणि किटची मागणी एकाएकी वाढली. कंपनीने भरभरून मागण्या स्वीकारल्या, आगाऊ रकमा घेतल्या. पुरवठा लवकर व्हावा म्हणून काही भागांची भोके ठोकून पाडण्याऐवजी लेसरने पाडून घेतली. अशा भोकांच्या कडांना पुढे तडे जाऊ लागल्याच्या तक्रारी आल्या आणि असे असंख्य भाग बदलून देण्याची वेळ आली. दरम्यान कच्चा माल आणि वाहतूक महागली होती. जुन्या भावाने घेतलेल्या मागण्या तोट्याच्या झाल्या. ग्राहकांच्या आगाऊ रकमा दैनंदिन खर्चात जिरल्या होत्या.

डिसेंबर २०२३ मध्ये ५० वर्षांच्या या प्रतिष्ठित कंपनीला दिवाळखोरी कायद्याखाली पुनर्रचनेसाठी अर्ज करावा लागला. निवृत्तीच्या वयाला पोहोचलेल्या संस्थापकांनी घरचा पैसा कर्जाऊ घातला. किटच्या किमती सरासरी सुमारे ३२ टक्क्यांनी वाढल्या. पैसे भरून बसलेल्या ग्राहकांना वाढीव भाव मान्य करावा किंवा विनातारण धनको म्हणून रांगेत उभे राहावे, असा निर्णय घ्यावा लागला. २०२४ मध्ये कंपनी त्यातून बाहेर आली आणि सावरली.

ग्राहकाची आगाऊ रक्कम ही मिळकत नसते. ते देणे असते. मालाची पाठवणी होईपर्यंत ते पैसे आपले नव्हेत. तुमसरच्या बाजारात धान्याची उलाढाल करणाऱ्या आपल्या आजोबांना हे कोणत्याही पदवीविना माहीत होते. त्या कंपनीचे आराखडे उत्तम होते, विमाने सुरक्षित होती, नाव स्वच्छ होते. तरीही ती अडकली, ती वहीतल्या एका चुकीच्या रकान्यामुळे.

परिमाण आधी, उड्डाण नंतर

श्रावकाच्या व्रतांकडे आपण बहुधा केवळ त्याग म्हणून पाहतो. मला ती उत्तम नियोजनाची सूत्रेही वाटतात. परिग्रह-परिमाण व्रतात काय सांगितले आहे? किती ठेवायचे, याची मर्यादा हव्यास सुटण्याआधी शांत चित्ताने ठरवायची. विमानाच्या छंदात नेमके हेच लागते. किटची किंमत पाहून माणूस हुरळतो. पण इंजिन, पंखा आणि उपकरणे यांचा खर्च अनेकदा किटहून अधिक होतो. त्यावर रंग, अवजारे, जागेचे भाडे, विमा आणि दरवर्षीची देखभाल. आधी परिमाण ठरविलेले नसेल तर अर्ध्या वाटेवर माणूस ‘एवढे घातले, आता थोडे आणखी’ असे म्हणू लागतो. बुडीत कर्जाच्या अनेक प्रकरणांचा आरंभ मी याच वाक्याने झालेला पाहिला आहे.

दिग्व्रत तर वैमानिकासाठीच सांगितले आहे की काय, असे वाटावे. पूर्व-पश्चिम इत्यादी दिशांप्रमाणे वरची आणि खालची दिशाही त्यात येते. वर किती जायचे, ही मर्यादा ओलांडणे हा अतिचार, आणि घेतलेली मर्यादा विसरणे हाही अतिचार. चाचणी उड्डाणाचा नियम यापेक्षा वेगळा नाही. आज किती उंची, किती वेग, किती अंतर, हे जमिनीवर लिहून ठेवायचे आणि हवेत गेल्यावर उत्साहाच्या भरात त्यात वाढ करायची नाही. आदान-निक्षेपण समितीत वस्तू उचलताना आणि ठेवताना सावधगिरी सांगितली आहे. विमानाच्या पंखात विसरलेला एखादा पाना चालक-दांड्यात अडकला तर काय होईल, याचा विचार केला की या नियमाचे मोल कळते. चांगले निर्माते दिवसाचे काम संपल्यावर प्रत्येक हत्यार मोजून जागेवर ठेवतात आणि त्या दिवशी काय केले, कोठे शंका राहिली, ते वहीत लिहितात. संध्याकाळच्या प्रतिक्रमणाची सवय असलेल्या घरात ही शिस्त मुद्दाम शिकवावी लागणार नाही.

मग अशा वेगळ्या वाटेने जाऊ पाहणाऱ्या मुला-मुलीच्या घराने काय करावे? अनुभवाच्या आधारे काही सूचना करतो. या कामाचे खाते पेढीच्या खात्यापासून संपूर्ण वेगळे असावे. पेढीच्या खेळत्या भांडवलातून, रोख-कर्ज खात्यातून किंवा गिरणीच्या तारणावर यासाठी पैसा काढू नये. कारण छंद कोसळला तर पेढी कोसळता कामा नये. रक्कम टप्प्याटप्प्याने द्यावी आणि एक टप्पा पूर्ण होऊन जाणत्या माणसाने तपासल्यावरच दुसरा सुरू करावा. कोणालाही पूर्ण रक्कम आगाऊ देऊ नये. परवानगीचा मार्ग पहिला रिव्हेट ठोकण्यापूर्वी लेखी स्वरूपात समजून घ्यावा. वर्षातून एकदा, दिवाळीच्या वहीपूजनाच्या सुमारास म्हणा, कुटुंबाने एकत्र बसून पुढे जायचे की थांबायचे, याचा निर्णय घ्यावा. थांबणे हा पराजय नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे, नातेवाइकांसमोर त्या मुलाची थट्टा करू नये. पैशाची मर्यादा घालण्याचा घराला अधिकार आहे. उपहास करण्याचा नाही.

जवळची धावपट्टी

भंडाऱ्यातील मुलाने लगेच विमान बांधायला घ्यावे, असे माझे म्हणणे नाही. पायऱ्या जवळच आहेत. गोंदियाजवळील बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा जिल्हा होईपर्यंत ती आपल्याच भंडारा जिल्ह्यात होती. तेथे आज राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था आहे आणि भावी वैमानिक छोट्या विमानांवर धडे घेतात. भाताच्या बांध्यांवरून जाणारी ती पांढरी विमाने त्या भागातील शाळकरी मुलांच्या ओळखीची आहेत. नागपुरात एनसीसीची हवाई शाखा आहे. एनसीसीने वापरलेल्या झेनएअर सीएच-७०१ या दोन आसनी विमानाचा आराखडा मुळात घरी जोडण्याच्या किटसाठीच केलेला होता. त्याच्याही आधीची पायरी म्हणजे विमानाच्या लहान प्रतिकृती, ज्यांना एरोमॉडेलिंग म्हणतात. बाल्सा लाकडाची प्रतिकृती गुरुत्वमध्य चुकल्यावर नाक आपटते, तेव्हा मुलाला जो धडा मिळतो तो पुस्तकात मिळत नाही, आणि त्याची किंमत थोडी असते. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीतील निवृत्त कारागीर, गावातील लेथवाले, पितळेचे जुने कसबी यांच्याजवळ हाताचे ज्ञान आहे. सुटीत चार दिवस अशा माणसाशेजारी बसविलेले मूल कानस कशी धरायची ते शिकते, आणि हाताने काम करणाऱ्याचा मानही राखायला शिकते. व्यापारी घरातल्या मुलांना या दुसऱ्या गोष्टीची गरज अधिक आहे.

आपल्या साधू-साध्वी अनवाणी पायाने शेकडो कोस विहार करतात. त्यांच्या एका पावलातील सावधगिरी आणि उत्तम वैमानिकाच्या तपासणी-यादीतील सावधगिरी, या दोहोंचे मूळ जीवाविषयीच्या आदरात आहे असे मला वाटते. ज्याला दुसऱ्याच्या जीवाची काळजी आहे तोच रिव्हेट नीट ठोकील, नोंद खरी लिहील आणि हवा बिघडली तर उड्डाण रद्द करील.

वालचंदशेठना घरच्यांनी पेढीवर बसवूनच ठेवले असते तर सोलापुरात आणखी एक सुखवस्तू सावकार झाला असता. अमोल यादवांच्या घरच्यांनी गच्चीला कुलूप लावले असते तर व्हीटी-एनएमडी ही अक्षरे कोणत्याही विमानावर उमटली नसती. प्रत्येक घरात वालचंद जन्मत नाही, आणि प्रत्येक गच्चीवरचे विमान उडतही नाही. पण मुलाने हाताने काही घडवावयास घेतले, तर त्याला ठरावीक रक्कम, ठरावीक मुदत आणि एक मोकळी खोली देणे एवढे आपल्यापैकी बहुतेकांना परवडते. तेवढे द्यावे, हिशेब वेळच्या वेळी पाहावा, आणि मग त्याच्या हाताला काम करू द्यावे.